फोर्ड दगाबाज आहे!

काय सांगायचं, आणि कुठल्या तोंडानं! पण चहा पाजलाच आहे तुम्ही, तर ऐका. माझं जमलेलं लग्न एका इंग्रजी शब्दानं मोडलं. आणि वाईट याचंच वाटतं की तो शब्द मला येत होता!

शब्द होता ट्रेचरस. जालन्याच्या शाळेत आम्ही इंग्रजीसुद्धा उर्दूतून शिकायचो. निजामाचं राज्य, दुसरं काय! मास्तर छडी आपटून म्हणायचे, "ट्रेचरस यानी दगाबाज! वरून गोड, आतून घात!" अख्ख्या वर्गात हा शब्द एकट्या मला पाठ. पण वापरायचा कुठं? आमच्याकडे दगाबाज पुष्कळ, पण इंग्रजीतून सांगितलं तर त्यांना कळायचं कसं?

कुंभार पिंपळगावच्या बाबारावांनी मला जावई म्हणून पसंत केलं, ते या इंग्रजीवरच. त्यांची लेक गोदावरी मी एकदाच पाहिली होती. लाडवाची ताटली ठेवताना हळूच म्हणाली, "टोपी वाकडी झाली तुमची," आणि हसली. संपलं! तेव्हापासून माझी झोप उडाली.

सुपारी फोडायला तिच्या गावी जायचं होतं. आमची वडीलधारी मंडळी गाडीबैलानं पुढं गेल्ती. मला मात्र बाबारावांनी आपल्या नव्याकोऱ्या मोटारीत बसवलं. वाटभर एकच जप, माझी फोर्ड अशी, माझी फोर्ड तशी!

दुधनेच्या काठाला आलो. पूल कुठला! पाण्यातूनच पलीकडे जायचं. तेवढ्यात रस्त्याच्या कामावरचा एक गोरा साहेब धावत आला. मोटारीच्या नाकासमोर काठी रोखून ओरडला, "द फोर्ड इज ट्रेचरस! व्हेरी ट्रेचरस!"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. माझा शब्द! तोही साहेबाच्या तोंडी!

"काय म्हणून राह्यला हा?" बाबारावांनी विचारलं.

"मामा, तुमची फोर्ड दगाबाज हाय म्हणतो."

"माझी फोर्ड? बराबर ऐकलं का तुम्ही?"

"बिलकुल! वरून गोड, आतून घात." गप्प बसलो असतो तर! पण अर्थ पाठ होता ना!

बाबाराव लालबुंद झाले. "ह्याच्या बापानं दिल्ती का मोटार? थांब, दाखवतोच!" आणि त्यांनी मोटार सरळ पाण्यात घातली.

साहेब मागून किंचाळला, "नो! नो!"

"आता न्हाई न्हाई म्हणून राह्यला," मी इमानानं सांगितलं.

"न्हाई कशी? पलीकडं जाऊनच दाखवतो!"

मध्यावर मोटार थांबली. मग हळूहळू खाली बसायला लागली, म्हैस बसते तशी. सुपारीचे नारळ तरंगत निघाले, त्यांच्यामागं गोदावरीसाठी घेतलेलं हिरवं लुगडं. आणि अशा वेळी मी काय बोलावं? "मामा, साहेब बराबर बोलला! दगाबाजच निघाली!"

साहेबानं कपाळावर हात मारला. "मोटर नहीं, बेवकूफ! उतार! नदी का उतार! नीचे दलदल है!"

तेव्हा कळलं, नदी ओलांडायच्या उथळ जागेला, म्हणजे उतारालाही इंग्रजीत फोर्डच म्हणतात. आणि ट्रेचरस जसा माणसाला लागतो, तसा वाटेलाही लागतो, पाण्यालाही लागतो. हे मास्तरांनी कधी सांगितलंच नव्हतं हो!

बाबाराव छातीभर पाण्यात उभे राहून पागोटं पिळत होते. "एवढा मोठा शब्द येतो, आन् एवढुसा येत न्हाई?"

"मंग मामा... सुपारी?"

"ती गेली वाहून. तुम्हीबी जा."

नदीच्या नावाची मुलगी, नदीतच घालवली मी. फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

बऱ्याच वर्षांनी ती जालन्याच्या बाजारात दिसली. बरोबर तिची लेक, लेकीच्या हातात इंग्रजीचं पुस्तक. माझ्या टोपीकडे पाहून गोदावरी तशीच हसली. माझा हात आपोआप टोपीकडे गेला.

लेकीनं एका शब्दावर बोट ठेवून मला विचारलं, "काका, ह्याचा अर्थ काय?"

मी चष्मा चढवला, घसा खाकरला.

गोदावरीनं लेकीला मागं ओढलं. "त्यांना नको विचारू, बाई. आपल्याला पोहता येत न्हाई."