चतकोर भाकरी

तुम्हाला लिहून सांगायचं ठरवून बसले आहे, तरी हात आखडतोच. हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच. देवापाशीसुद्धा कधी नीट नाव घेऊन बोलले नाही. प्रार्थनेत "माझ्या चुकांची क्षमा कर" एवढंच म्हणायचे, आणि बाकीच्या बारीकसारीक चुकांत ही एक मिसळून टाकायचे. म्हणजे बघा, तिथंही लबाडीच. आणि अशा बाईला सगळं गाव जन्मभर भोळी म्हणत आलं आहे.

भोळी सगुणा. गावात आणखी एक सगुणा होती, ती नुसती सगुणा. मी भोळी सगुणा.

हे नाव कसं पडलं ते आधी सांगते — वेळ काढते आहे, मला कळतं आहे ते — पण सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही. आमच्या गावाशेजारून पाट जातो, भंडारदऱ्याच्या धरणाचं पाणी त्याला येतं. मी सात-आठ वर्षांची असताना थोरल्या भावानं मला सांगितलं, की हे पाणी तिथून इथवर चालत येतं, दमतं, म्हणून दुपारी निजतं. तेव्हा पाटाकडेनं पाय वाजवू नकोस. मी खरं धरलं. डोक्यावर धुण्याचं गाठोडं घेऊन चवड्यांवर चालत गेले. पाटावर धुणं धुणाऱ्या बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. एकीनं जवळ घेतलं, "किती भोळी ग बाई" म्हणाली आणि कनवटीचा गुळाचा खडा हातावर ठेवला.

त्याच संध्याकाळी भावानं हसत हसत खरं काय ते सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी मला सगळं माहीत होतं. तरी मी चवड्यांवर चालत गेले. गूळ पुन्हा मिळाला.

एवढंच? हो, सुरुवात एवढीच. भोळ्या माणसाला कुणी रागवत नाही, अवघड काम सांगत नाही, आणि मुख्य म्हणजे कुणी काही विचारत नाही. घरात भांडं फुटलं की भावाला धपाटा बसायचा. माझ्याकडं कुणी बघायचंही नाही. पुढं पुढं तो चेहरा मला बसल्या जागी करता यायला लागला — तोंड जरासं उघडं, डोळे मोठे, मान एका बाजूला. आता या वयातही तो आपोआप होतो, त्याची मला भीती वाटते.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. मी अठरा-एकोणीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं. गावात चर्चच्या अंगाला दोन खोल्यांचा धर्मादाय दवाखाना होता, तिथं मी झाडलोट करायची, पाणी भरायची, जखमांच्या पट्ट्या धुऊन वाळत घालायची. डॉक्टरसाहेब फक्त बुधवारी यायचे. बाकीचे दिवस सगळा कारभार कंपाउंडरचा. शिमोनभाऊ त्याचं नाव, आमच्याच वस्तीतला, म्हाताऱ्या आईबरोबर राहायचा. मोठा बोलका माणूस. औषधांचा त्याला फार अभिमान. कोणतंही मिश्रण केलं की बोटाचं टोक जिभेला लावायचा आणि म्हणायचा, "डोळा फसंल, नाक फसंल, जीभ न्हाई फसत."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी तर विसरू शकलेले नाही.

पाटाच्या पाण्यानं आमच्याकडं ऊस आला, तसा हिवतापही आला. त्याला औषध एकच — कडूजहर क्विनाईन, आम्ही त्याला कोयनेल म्हणायचो. लढाईमुळं ते मिळेनासं झालेलं. बाजारात काळ्या भावानं विकतात, असं लोक बोलायचे. बऱ्याच खटपटीनंतर एका सोमवारी संध्याकाळी नगरहून मोटारीनं एक बाटली आली. तपकिरी काचेची, आत पांढरी पूड. कपाटाची किल्ली डॉक्टरसाहेबांकडं, म्हणून शिमोनभाऊनं ती वरच्या फळीवर ठेवली, वर टॉवेल टाकला, आणि मला बजावलं, "सगुना, हिला हात लावायचा न्हाई बरं का."

मंगळवारी सकाळी तो पाटापलीकडच्या एका म्हाताऱ्याची जखम बांधायला गेला. मी फरशी पुसत होते. आणि मला ती बाटली बघावीशी वाटली. चोरायची नव्हती हो, नुसती बघायची. लोक एवढं नाव काढतात ते दिसतं कसं? स्टुलावर चढले, टॉवेल काढला, बाटली उतरवली. हात ओले होते.

फुटली. पाण्यात पुडीचा लगदा झाला, त्यात काचा.

आता इथवर काय मोठंसं झालं? कुणाच्याही हातून होईल. शिमोनभाऊ अर्धा दिवस बोलला नसता, डॉक्टरसाहेब रागावले असते, फार तर माझं काम गेलं असतं. पण मी काय केलं ते ऐका. काचा वेचून फडक्यात बांधल्या आणि मागच्या निवडुंगाच्या कुंपणात खोल खुपसल्या. लगदा हातांनी भरून बादलीत घेतला, बादली पाटात ओतली. फरशी फिनेल टाकून तीनदा धुतली. टॉवेलाची घडी होती तशी फळीवर ठेवली. शिमोनभाऊ परत आला तेव्हा मी अंगणात पट्ट्या वाळत घालत होते आणि भजन गुणगुणत होते. हे सगळं मला कुणी शिकवलं होतं? भोळं माणूस इतकं झटपट करतं का? माझे हात चालले होते आणि मी बघत होते, आणि मला भीती वाटत होती ती बाटलीची नाही. भोळी सगुणा स्टुलावर चढून चोरून बघते, हे लोकांना कळेल, त्याची.

त्यानं विचारलं, "बाटली कुठं हाय ग?"

मी तोंड जरासं उघडलं, मान एका बाजूला केली. "कोंची बाटली ओ, भाऊ?"

तो फळीकडं बघत उभा राहिला.

दिवसभर त्यानं दोन्ही खोल्या उलट्यापालट्या केल्या. दिवेलागणीला तो आमच्या घरी आला. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. हात मी राखेनं घासले होते — चारदा, पाचदा — पण पूड कोपरापर्यंत लागली होती, बांगड्यांत होती, नखांत होती. आईनं आधीच एक तुकडा तोंडात टाकून विचारलं होतं, "भाकर कडू का लागती ग?" मी म्हणाले, पीठ जुनं झालं असंल. बाजरीचं पीठ चार दिवसांत कडवट होतं, त्यात नवल नाही. तिला पटलं.

शिमोनभाऊनं उंबऱ्यातूनच विचारलं, "माघारी कोन आलं हुतं का ग? काय पाह्यलंस का?"

"मी तर पट्ट्या वाळत घालत हुते."

जेवणवेळेला आलेल्या माणसाला आई तसंच जाऊ देणारी नव्हती. तिनं त्याला बसवलं, पुढ्यात ताट ठेवलं. "पीठ जरा कडवाट झालंय, गोड मानून घे." काही बोलून ते ताट ओढून घ्यावं असं वाटलं, पण काय बोलणार? त्यानं घास मोडला, तोंडात घातला, चावला — आणि थांबला.

जीभ फसत नाही म्हणणारा माणूस तो.

त्यानं आईकडं बघितलं नाही. माझ्या तोंडाकडंही नाही. माझ्या हातांकडं बघितलं. मी थापणं थांबवलं नाही, थांबवलं असतं तर संपलंच असतं. मग त्यानं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, सगळी भाकरी संपवली. आणि म्हणाला, "मावशी, आनिक चतकोर द्या."

का मागितली? खात्री करून घ्यायला? का आईला वाईट वाटू नये म्हणून? का त्याला खरंच काही कळलं नव्हतं, दिवसभराच्या धावपळीनं भूक लागली होती, एवढंच? हा प्रश्न मी लाख वेळा उलटून पालटून बघितला आहे. मला रात्री नीट झोप यायची ती त्याला कळलं नसेल असं धरलं तरच. म्हणून पुष्कळदा मी तसंच धरलं.

बुधवारी डॉक्टरसाहेब आले. चर्चचे पाळकसाहेब होते, वस्तीतली चार माणसं होती, आणि ओसरीवर औषधासाठी आलेली, अंगावर घोंगड्या घेऊन कुडकुडणारी माणसं. दाराची किल्ली कुणाजवळ? शिमोनजवळ. बाटली आलेली कुणाला माहीत? शिमोनला. काळ्या बाजाराचा शब्द कुणी मोठ्यानं काढला नाही, पण तो सगळ्यांच्या तोंडावर होता. मग डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडं हात केला. "आणि ही? हिला विचारलं का?"

आता तो बोलणार. एक शब्द बोलला असता तरी मी कबूल झाले असते — असं मी स्वतःला सांगत आले आहे.

शिमोनभाऊ म्हणाला, "तिला काय इचारायचं, सायेब? ती भोळी हाय. तिला बाटली काय न् कळशी काय, सारखीच."

सगळे हसले. तेवढ्या ताणातही हसले. आणि मीसुद्धा हसले. तोंड जरासं उघडं ठेवून, मान एका बाजूला करून. बाटली फोडली ते सोडा, खोटं बोलले तेही एक वेळ सोडा. ते हसणं मात्र मला गिळता येत नाही.

त्याचं काम त्याच दिवशी गेलं. दुसरी बाटली यायला पुष्कळ दिवस लागले. तोवर मी कामाचं निमित्त काढून तापाच्या एकेका घरी जाऊन बघून यायची, कुणी दगावलं तर नाही ना. कुणी दगावलं नाही. पण त्यात माझं काय होतं? रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे सगळ्यांनी भाकरीचा तुकडा वाटून घ्यायचा विधी. संशय फिटेपर्यंत शिमोनला वाढू नये, असं मंडळीनं ठरवलं होतं. तो आला मात्र. पुरुषांच्या बाजूला, सगळ्यात मागं, भिंतीशी बसला. भाकरीचं ताट त्याच्यासमोरून तसंच पुढं गेलं. माझ्यासमोर आलं तेव्हा मी तुकडा घेतला. तो कडू लागला असं लिहिलं असतं तर शोभलं असतं. लागला नाही. नेहमीसारखाच लागला. पाळकसाहेबांचा उपदेश त्या दिवशी निष्कपट मनावर होता, आणि बोलता बोलता त्यांनी माझ्याकडं बोट केलं — आपल्या सगुणाकडं बघा, म्हणाले.

महिनाभरात शिमोनभाऊ आईला घेऊन भिंगारला गेला. तिथं छावणीच्या गुदामात ओझी उचलायचं काम मिळालं, असं कळलं. औषधाला त्यानं पुन्हा हात लावला नाही. लावू दिला नाही कुणी.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी मी नवऱ्याबरोबर एका लग्नाला भिंगारला गेले. बाजारात तोच समोर आला. पाठीतून वाकलेला, पण ओळखीचं हसू होतं. ऐकेचना, घरी घेऊन गेला. आई त्याची गेली होती. बायको नवी नवी दिसत होती. तिला म्हणाला, "ही आमच्या गावची सगुना. लई भोळी बाई." कुचकेपणानं नाही हो. मायेनं म्हणाला. निदान मला तसंच ऐकू आलं.

बायकोनं ताट वाढलं. बाजरीचीच भाकरी होती, ताजी, चुलीवरून उतरलेली. मी खाली मान घालून खात होते. मनात म्हणत होते, आता सांग. हा घास झाला की सांग. नवरा अंगणात आहे, ही चुलीशी आहे, सांगून टाक. भाकरी संपली. मी तोंड उघडलं.

शिमोनभाऊनं माझ्या ताटात आणखी एक तुकडा ठेवला. "चतकोर घे की आनिक," म्हणाला. आणि माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच, सरळ तोंडाकडं.

बस्स, तेवढंच. वाट बघत होता का? मला वाटतं, वाट बघत होता. मी तो चतकोर घेतला. मान एका बाजूला केली, आणि हसले.

त्यानंही हसून बायकोला पाणी आणायला सांगितलं.

पुढं काही वर्षांनी तो गेल्याचं कळलं. गावातली जुनी माणसं अजून कधी कधी त्याचा विषय काढतात, "माणूस बरा हुता, पर हात चुकला त्याचा," असं म्हणतात. मी तिथं बसलेली असते. माझ्यासमोर लोक काहीही बोलतात.

त्याचा हात चुकला नव्हता. बाटली मी फोडली, काचा मी लपवल्या. आणि हे मला सांगता येत होतं — त्या मंगळवारी, त्या बुधवारी, आणि भिंगारला त्याच्या ताटावर बसून.