बाबांचा सातवा फोटो

लातूरहून पहाटे सुटलेल्या एसटीने दुपारी पिंपरीत उतरवलं. पिशवीत बाबांचे सात फोटो होते. एकाच्याही मागे नाव नाही, साल नाही. बाबांनी सगळी नोकरी इथल्या कंपनीत काढली; आई आणि मी लातूरलाच राहिलो. शेवटच्या आजारात हे फोटो दाखवायला त्यांनी हाक मारली होती. "नंतर बघू," म्हणाले मी. गेल्या वर्षी ते गेले.

रिक्षावाल्याला नुसतं 'पिंपळे' सांगितलं, तर त्याने पिंपळे सौदागरच्या उंच सोसायट्यांसमोर आणून सोडलं. चूक कळल्यावर हसून म्हणाला, "ताई, गुरव म्हणायचं ना! बसा परत."

पिंपळे गुरवला बाबांच्या शिफ्टमधले तानाजीकाका राहतात, मूळचे इथलेच. त्यांनी भेळभत्ता (चुरमुरे, फरसाण, कांदा) पुढे केला आणि चष्मा लावला. सहा फोटोंतली माणसं त्यांनी भराभर ओळखली. मी मागे पेन्सिलीने नावं लिहीत गेले. सातव्यावर ते थांबले. पत्र्याच्या खोलीपुढे बाबा उभे, डाव्या अंगठ्याला पट्टी, शेजारी मुलींची नवी सायकल.

"ह्यो मीच काढला. खोली आमचीच व्हती, ह्याच जागेवर. आता इमारत झाली."

"कधीचा असेल?"

"साल न्हाई सांगता येत, पोरी."

पण ती पट्टी मला आठवत होती. मी सातवीत असताना दिवाळीला बाबा तसाच अंगठा घेऊन घरी आले होते.

"आणि सायकल कुणाची?"

"तुझी. तुमी दोघी येणार म्हणून खोली घेतली त्यानं. शाळापण बघून ठिवली व्हती. दिवाळी करून आला तो एकटाच. मग खोली सोडली, सायकल इकली."

त्या दिवाळीत बाबांनी विचारलं होतं, "पिंपरीला येतेस का शिकायला?" मला मैत्रिणी सोडवत नव्हत्या. "नाही यायचं मला," म्हणून मी खेळायला पळाले. पुढे मात्र, बाबांना आम्ही जवळ नकोच होतो, असंच धरून चालले. त्यांच्याशी वागलेही तशीच, तुटक.

घरी परतल्यावर फोटो आईपुढे ठेवला. "तुला खोलीचं माहीत होतं?"

"होतं की. तू नाही म्हणालीस, तर म्हणाले, पोरीला जबरदस्ती नको. आणि तिला यातलं काही कळू देऊ नको म्हणून बजावलं त्यांनी."

मी फोटो उलटा करून लिहिलं, 'पिंपळे गुरव. मी सातवीत. आमची खोली.' तिथे मी एक रात्रही राहिले नाही. तरी हल्ली घराची यावी तशी मला त्या खोलीची आठवण येते.