धावड्याच्या शेतातले पिंगळे

धावडा गावी आमच्या शेतातल्या कडुनिंबाच्या ढोलीत पिंगळ्याच्या जोडीला तीन पिल्लं झाली. घुबडाची जात अशुभ, म्हणून सासूबाई कुऱ्हाड घेऊन फांदी तोडायला निघाल्या. मी म्हणाले, "आत्याबाई, आधी हे बघा." माझ्या कॅमेऱ्यातल्या फोटोत मादी पिल्लाला नाकतोडा भरवत होती. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"लेकराला चारून राह्यली की," म्हणाल्या अन् तशाच माघारी फिरल्या.

पुढं पिल्लं ढोलीबाहेर आली तेव्हा आम्ही दोघी बांधावर होतो. तिन्ही एका फांदीवर खेटून बसलेली, तो फोटो मोठा करून मी ओसरीत लावला. आल्यागेल्याला सासूबाई सांगतात, "फोटू आमच्या सुनेनं काढला. झाड म्या राखलं."

दोन्ही खरं आहे, आणि ते ऐकताना माझी मान ताठ होते.