साधनाचा तिसरा भाग

नेरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये साधना रक्त काढते. "हात सैल सोडा. पोलिसांनी धरून आणलं काय तुमाले?" असं ती दंड बांधता बांधता म्हणते, आणि समोरचा ओशाळून हसेपर्यंत सुई आत गेलेलीही असते. गावात तिला फटकळ म्हणतात. तिच्या कानावर ते येतं. तिला त्याचं काही वाटत नाही.

हीच साधना संध्याकाळी घरी आली की हातपाय धुते, पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसते आणि पंजाएवढं एक जुनं गेमचं मशीन काढते. गेम परदेशातला. गवतात, पाण्यात, गुहेत राक्षस दडलेले असतात. ते पकडायचे, पाळायचे, मोठे करायचे, दुसऱ्यांच्या राक्षसांशी झुंजवायचे. मूळ नाव इंग्रजी आणि लांबलचक. या घरात त्याला पकडापकडी म्हणतात. त्याचे नवे नवे भाग अजून निघतात, पण साधनाच्या घरात पहिले पाचच आहेत, बोटभर लांबीच्या कॅसेटींमध्ये. तिचे बाबा डोमाजी एस.टी.त कंडक्टर होते. नागपूरची ड्युटी लागली की तिथल्या जुन्या सामानाच्या बाजारातून ते एकेक कॅसेट आणायचे, साधना आणि तिचा मोठा भाऊ रवी या दोघांत मिळून एक.

साधनाचा जीव तिसऱ्या भागावर. तो खेळणाऱ्यांना सहसा आवडत नाही. सारा चिखल आणि दलदल, चालायचं तेही रखडत. पण डोमाजींना लकवा मारला ते वर्ष तिने हाच भाग खेळत काढलं. रवी तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर. बाबांची कूस बदलणं, अंग पुसणं, मऊ भात भरवणं सगळं साधनाकडे, आणि मधल्या वेळात त्यांच्या उशाशी बसून राक्षस पकडणं. बाबांचं तोंड वाकडं झालं होतं, पण सवय कंडक्टरची. नवा राक्षस सापडला की ते पडल्या पडल्या त्याला आपल्या रस्त्यावरच्या स्टॉपचं नाव द्यायचे.

"हा लाडखेड. हळू येते, पण येते."

"आन् हा जाड्या?"

"दारव्हा. याच्यात माणसं लय बसतात."

डोमाजी गेले, नावं कॅसेटीत राहिली. उमरखेड नावाचं एक पाणभूत तर तिने लढाईला कधी काढलंच नाही. हरलं तर?

यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीला रवी पुण्याहून आला तो कपाळावर आठ्या घेऊनच. नोकरी सांभाळून तो गेमचे व्हिडिओ करतो, त्याला बघणारे पुष्कळ आहेत. महिन्यापूर्वी त्याने पकडापकडीचे सगळे भाग चांगला-वाईट असे क्रमाने लावले होते. साधनाने ते लॅबमध्ये, रक्ताचे नमुने यंत्रात फिरत असताना पाहिलं. "तिसरा भाग म्हणजे शुद्ध कचरा," रवी कॅमेऱ्यात बघून म्हणाला होता, "हा ज्याचा आवडता असेल त्यानं आधी डोकं तपासून घ्यावं." त्या दिवशी साधनाने एका सज्जन मास्तरांना दोनदा टोचलं.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो किल्ली घेऊन कपाटासमोर उभा राहिला. "कॅसेटी कुठं आहेत? मशीन पण दे. पहिल्या भागापासून सगळे नव्यानं खेळून रेकॉर्ड करायचेत."

"नव्यानं म्हणजे?"

"म्हणजे नव्यानं. जुनं पुसून."

कॅसेटीत एकच खेळ साठतो. नवा सुरू केला की जुना जातो. हे साधनाला कोणी सांगायला नको होतं. लहानपणी रवीने तिचा अख्खा दुसरा भाग असाच पुसला होता, आणि वर म्हणाला होता, तुला खेळताच येत नव्हतं.

"तिसऱ्याले हात लावायचा नाही," ती म्हणाली. "त्यात बाबानं ठेवलेले नावं आहेत."

"फोटो काढून घे स्क्रीनचे."

"तुहे फोटो काढून ठेवतो अन् तुले पुसतो, चालते काय?"

"बाई, कचरा आहे तो भाग! लोक हसतात."

"लोकायले तू हसवतं. दलदलीच्या पुढं कधी गेलता तरी काय तू? अर्ध्यात सोडून पळालता."

"अन् तू चिखलातच बसून राहिली. गेममध्येही, नेरमध्येही."

साधना उठली. तिने त्याच्या हातातून कपाटाची किल्ली अशी ओढली की त्याचं बोट सोललं. आवाज ऐकून त्यांची आई सत्यशीलाबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. त्यांनी कोणाची बाजू ऐकलीच नाही. या घरात पेरू असो, मटण असो, नवी वही असो, नियम एकच: मोठ्यानं दोन वाटे करायचे, धाकट्यानं आधी उचलायचा, आणि उचलल्यावर बोंब मारायची नाही.

"रव्या, कर वाटे," त्या म्हणाल्या.

"आई, आम्ही काय लहान आहोत?"

"भांडून त लहानावानीच राह्यले. कर."

साधनाला कपाट उघडावंच लागलं. रवीने त्यातून सगळं काढून चटईवर मांडलं. थोडा वेळ विचार केला, आणि मग त्याला हसू आलं. ते हसू साधनाला पेरूच्या दिवसांपासून पाठ होतं. त्याने तिसऱ्या भागाचा डबा उचलला आणि एका बाजूला एकटाच ठेवला. दुसऱ्या बाजूला उरलेले चारही डबे, आणि त्यांच्यावर मशीन.

"घे. तुझा लाडका तुला. मी कुठं काय पुसतो?"

"आन् मशीन?"

"ते त्या वाट्यात. तू डबा उशाशी घेऊन झोप. किंवा मशीनचा वाटा उचल, मग तिसरा माझा. पुण्याला गेल्या गेल्या पुसतो की नाही बघ. मशीन काय, मित्राकडून आणीन."

साधना वाकली. तिसऱ्याचा डबा तिने बोटाने जरासा सरकवला, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डबा हलका होता. असणारच. रवी शिस्तीचा, खेळून झालं की कॅसेट काढून डब्यात ठेवणारा. त्यामुळे जगातली प्रत्येक कॅसेट आपापल्या डब्यातच असते, असं त्याला वाटायचं. पण साधनाने तिसरा भाग मशीनमधून काढल्याला कित्येक वर्षं झाली होती. कशाला काढायचा? ती दुसरं काही खेळतच नव्हती. आणि मशीनच्या पाठीत शिरली की कॅसेट वरून दिसत नाही.

तिने लॅबमधला चेहरा केला. "ठरलं? मागून बदलशील त नाही?"

"ठरलं. उचल."

तिने मशीनचा वाटा उचलला.

रवी चमकला. मग जोरात हसला. "बाबांच्या नावांचं एवढंच होतं का? मशीन दिसलं की संपलं!"

साधनाने मशीनचं बटण दाबलं. चिखलातून पाय ओढल्यासारखी ती संथ धून खोलीभर वाजली. पडद्यावर लाडखेड पुढे, दारव्हा मागे, आणि तळाशी उमरखेड.

रवीने डबा उघडला. बंद केला. पुन्हा उघडला.

"ही फसवणूक आहे! आई, हिला माहीत होतं!"

"वाटे कोणं केले?" सत्यशीलाबाईंनी विचारलं, आणि पीठ मळायला आत गेल्या.

रवीने निदान मशीन तरी दे म्हणून पाहिलं, मग ओरडून पाहिलं. साधनाने त्याला पहिला भागसुद्धा दिला नाही. दुपारच्या गाडीने तो जेवल्याशिवाय गेला, आणि तिने त्याला थांब म्हटलं नाही. रिकामा डबा मात्र तो घेऊन गेला.

दोन आठवड्यांनी त्याचा नवा व्हिडिओ आला. मागच्या फळीवर, दिव्याच्या उजेडात, तिसऱ्या भागाचा डबा दिमाखात उभा. "माझ्या लहानपणीचा अस्सल संग्रह," रवी सांगत होता. साधनाने हातमोजे काढले आणि खाली लिहिलं: 'दादा, डबा उघडून दाखव ना.'

थोड्या वेळाने पाहिलं तर तिचं वाक्य उडालं होतं. तिने खुर्चीत बसलेल्या माणसाला जरा थांबायला सांगितलं आणि तेच पुन्हा लिहिलं.