कायमचे रहिवासी

लाख वितळल्याचा वास आला की मला जुन्नरची कचेरी आठवते. आमचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. हे मोगलाईतले, म्हणजे निजामाच्या मुलखातले, दुष्काळात कामाच्या शोधात बोरीला आलेले. मी एकुलती एक, म्हणून वडिलांनी त्यांना घरजावई करून घेतलं. पण गाव त्यांना उपराच म्हणे. गावचे कायमचे रहिवासी म्हणून त्यांचं नाव लागावं, यासाठी वडील आम्हा दोघांना बैलगाडीतून अर्ज द्यायला घेऊन गेले. कारकुनानं मला विचारलं, “बाई, हा तुझा मालक ना?” मी पदराआडून मान हलवली. मग तो यांना म्हणाला, “आता कायमचं हितंच राहणार? माघारी जायाचं न्हाई?” हे हळूच म्हणाले, “रावसाहेब, तिकडं माझी आई हाय. नाव लागल्यावर तिला भेटाया जाता येईल न्हवं?” कारकून हसला, “भेटायला कोण अडवतंय बाबा?” तेव्हा यांनी अंगठा उठवला आणि कारकुनानं लाख वितळवून कागदावर मोहोर लावली. परतताना कुकडीच्या काठी बैल पाण्यावर सोडले, तर हे उगवतीकडं, त्यांच्या मुलखाच्या दिशेनं, बघत उभे राहिले. मी जवळ जाऊन म्हणाले, “सुगी झाली की जाऊन येऊ आपण.” त्यांनी मान डोलावली. ती सुगी गेली, पुढचीही गेली. कधी पेरणी आडवी आली, कधी माझं बाळंतपण. मग एका उन्हाळ्यात तिकडून सांगावा आला, आई गेल्याचा. आता हे जाऊनही बरीच वर्षं झाली. नाव लागल्यापासून गाव त्यांना शेवटपर्यंत आपलं म्हणत राहिलं. मला मात्र अजून वाटतं, त्या दिवशी आम्ही गाडी घराकडं वळवायलाच नको होती, तशीच त्यांच्या आईकडं न्यायला हवी होती.