पाकिटावरची सुमनआत्या

सुमनआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पनवेलला ऑफिसात होते. संध्याकाळी म्हसळ्याजवळच्या गावी पोहोचले. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका सांगितला होता, पण ओटीवरच्या बायकांचं निदान तयार होतं. "कोंडा खाऊन साखर बरी करायला निघाली होती. गोल्या सोडल्या असतील, दुसरं काय!" मी आत जाऊन चहाचे कप विसळत राहिले. बोलायला हवं होतं... आता महिना उलटला, तरी राग उतरत नाही.

आत्याची भातगिरणी होती. भात सडताना आधी तूस निघतं, मग तांदळावरचा तपकिरी, मऊ कोंडा. गावात तो गुरांना जातो. आत्या मात्र गिरणी बंद केली की थोडा कोंडा चाळून त्याच संध्याकाळी भाजायची. "आज भाजला न्हाय तर उद्या खवट." रोज सकाळी पेजेत एक चमचा. लोक हसायचे. "सुमनताई, म्हशीला काय ठेवलंस?" "तुला ठेवलाय ना, ये जेवायला!" ती गिरणीच्या आवाजावर ओरडायची.

मी इंग्रजी शाळेतून पुढे अन्नशास्त्र शिकले. कोंड्यात तंतू असतात, ब जीवनसत्त्वं असतात, त्याच्या तेलातले काही घटक कोलेस्टेरॉल कमी ठेवायला मदत करू शकतात, आणि हेच तेल लवकर बिघडतं म्हणून वेळेवर भाजणं बरं, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग एवढी वर्षं कॉलेजात काय करत होतीस? हितं यायचंस."

गेल्या वर्षी किनाऱ्यावर पर्यटकांना 'पारंपरिक आहार' विकणारा एक माणूस आला. कोंडा आत्याचा, फोटो आत्याचा, पाकिटावरचं इंग्रजी माझं. मी लिहीत असताना आत्या शेजारी बसली होती. "मी साखरेची गोली रोज खाते, ता पण लिव. न्हायतर कोणतरी गोली सोडून ह्याच खात बसंल." मी लिहिलं. पाकीट छापून आलं तेव्हा नेमकं तेवढंच वाक्य गायब, आणि फोटोखाली ठळक इंग्रजी अक्षरांत, सुमनताईंनी मधुमेहावर मात केली! मी फोन केला. तो हसून म्हणाला, "मॅडम, गोळीचं छापलं तर कोंडा कोण घेणार?" मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. बरं! आत्याने पाकीट उलटसुलट करून विचारलं, "गोलीचा कुठं लिवलास?" मी भलत्याच ओळीवर बोट ठेवलं.

पाकीट वाचून लोक गिरणीवर येऊ लागले. ती प्रत्येकाला आधी विचारायची, "गोली चालू हाय ना? मंगच कोंडा." ज्या बाईने एकालाही फसवलं नाही, तिच्या चेहऱ्यावर हे खोटं चिकटवलं त्याने, आणि ते तसंच राहू दिलं मी. तिच्या ओटीवर बसून जे बोललं गेलं, ते त्याच पाकिटातून आलं होतं.

तेराव्यानंतर त्याला पुन्हा फोन केला. पाकिटावरून तिचा फोटो काढून टाका म्हटलं, आवाज चढवून. तो म्हणाला, बघू. पाकिटं अजून विकली जातात. म्हणून हे इथे छापते आहे.

ती गेली त्या दिवशी, कप विसळून झाल्यावर, मी तिचा कोंड्याचा डबा उघडला होता. आत चमचा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गोळ्यांची पट्टी. एक घेताना दुसरं राहून जाऊ नये म्हणून ती दोन्ही एकत्र ठेवायची. प्रत्येक गोळीमागे बॉलपेनने वार लिहिलेला. आत्या गुरुवारी दुपारी गेली. पट्टीवर शुक्रवारपासून पुढच्या गोळ्या तशाच होत्या. गुरुवारची घेतलेली होती.