सटनांचा कुलवृत्तांत

समोरच्याचं नुसतं आडनाव कळून मराठी माणसाचं भागत नाही. "कुठले?" हे विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. जयंती लेलेला तर या प्रश्नाचं बाळकडूच मिळालं होतं, कारण ती माहेरची केळशीकर. तिचे वडील श्रीकांत केळशीकर आठवडाभर विमा कंपनीत नोकरी करायचे आणि रविवारी केळशीकरांचा कुलवृत्तांत लिहायचे. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. ठिकठिकाणच्या केळशीकरांना छापील तक्ता पाठवायचा, आलेल्या उत्तरांतून पिढ्या जुळवायच्या, कोणाचा कोण ते चौकोनांत बसवायचं. इतर मुली सुट्टीच्या दिवशी खेळायला पळायच्या तेव्हा जयंती कोथरूडच्या दोन खोल्यांच्या घरात गावांप्रमाणे पोस्टकार्डांच्या चळती लावत बसायची. तेव्हा तिला त्याचा भयंकर राग यायचा. पण हाताला लागलेलं वळण रागानं जात नाही.

२०१२ साली नवऱ्याबरोबर, अंबरीशबरोबर, ती हॉलंडमधल्या आइंडहोवनला आली. अंबरीश चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कामात. ती 'डिपेंडंट'. या शब्दाची तिला चीड होती आणि ती अगदी रास्त होती. पुण्यात स्वतःचा पगार घरी आणणारी बाई इथे कागदोपत्री कोणावर तरी अवलंबून ठरली. तिनं रडतखडत दिवस काढले नाहीत. लायब्ररीत जाऊन डच शिकली, पडत-आपटत सायकल शिकली आणि चौथ्या वर्षी एका शाळेत ओव्हरब्लाइफचं, म्हणजे मधल्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं, काम मिळवलं. काम छोटं, पण डबा खाताना रडणाऱ्या मुलाला डचमध्ये गप्प करणं हे काही ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. आइंडहोवनच्या ब्राबांत भागात साथ आधी आली आणि जोरात आली. अंबरीशनं वरची खोली ताब्यात घेतली, मुलगी जुई लॅपटॉपला चिकटली आणि जयंतीला अचानक काही कामच उरलं नाही. शेजारच्या घरात ट्रूस फर्मूलेन एकटी राहायची. वय चौऱ्याहत्तर, हृदय कमजोर, मुलगी दूर ग्रोनिंगेनला. आठ वर्षांत दोघींचं बोलणं पार्सलं आणि कचऱ्याचे डबे यांपलीकडे गेलं नव्हतं. जयंती आपल्या सामानाबरोबर तिचंही सामान आणू लागली. मग ऊन पडलं की कुंपणाच्या अलीकडे एक खुर्ची आणि पलीकडे एक खुर्ची, असा दोघींचा कॉफीचा रिवाज पडला. ट्रूस कॉफीत दोन चमचे साखर घालायची आणि ती कधीच ढवळायची नाही. कॉफी संपली की तळाची साखर चमच्यानं खायची. जयंतीला ते पाहून लहान मुलीची आठवण यायची.

आठ वर्षांनी का होईना, जयंतीनं शेवटी विचारलंच. "फर्मूलेन मूळचे कुठले?"

"ते मला काय विचारतेस," ट्रूस म्हणाली. "मी खरी फर्मूलेन नाहीच."

खरी गोष्ट तिला आईनं मरताना सांगितली होती. १९४४च्या शरदात ब्रिटिश सैन्यानं हा भाग जर्मनांच्या ताब्यातून सोडवला आणि हिवाळाभर इथे मुक्काम ठोकला. ट्रूसची आई आनी तेव्हा एकोणीस वर्षांची. तिचं एका लॉरी ड्रायव्हरवर प्रेम बसलं. मार्चमध्ये त्याची तुकडी जर्मनीत गेली, ऑगस्टमध्ये ट्रूस जन्मली, पुढे फर्मूलेन नावाच्या भल्या माणसानं आनीशी लग्न करून बाळाला आपलं नाव दिलं. ट्रूसजवळ एक फोटो होता. लॉरीला टेकून हसणारा, मोठ्या कानांचा तरुण. मागे लिहिलेलं: टी. सटन, खेल्ड्रॉप, जानेवारी १९४५. खेल्ड्रॉप म्हणजे आइंडहोवनच्या शेजारचंच गाव. आईला आणखी एवढंच आठवत होतं, की त्याचं नाव टॉम आणि त्याची डॉली नावाची एक लाडकी बहीण होती.

"वीस वर्षं शोधतेय," ट्रूस म्हणाली. "लष्कराच्या दफ्तरात नुसत्या नावावर काही सापडत नाही. तो गेला असेल, ते मला समजतं. पण त्याला ओळखणारं एक माणूस मला भेटायला हवं. एकच. तो कसा होता ते कोणीतरी सांगावं. माझ्या डॉक्टरांना माझ्या हृदयाची फारशी खात्री नाही, म्हणून घाई आहे."

जयंतीनं घरी येऊन पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. श्रीकांतरावांचे डोळे स्क्रीनवरसुद्धा चमकलेले दिसले. "तक्ता तयार कर," ते म्हणाले. "आधी गाव पकड. गावावरून घराणं."

आणि जयंतीनं गाव पकडलं. केळशीकर केळशीचे, तसे सटन सटनचे, इतका साधा हिशेब. नकाशा उघडला तर इंग्लंडात सटन नावाची, किंवा त्या नावानं सुरू होणारी, साठ-बासष्ट गावं निघाली. कॅनडात निघाली, अमेरिकेतही निघाली. दुसरी कोणी असती तर तिनं नकाशा मिटून ठेवला असता. जयंतीनं वही घेतली आणि इंग्लंडातल्या एकेका सटनमधल्या चर्चला पत्र लिहिलं: सोबतचा तक्ता फलकावर लावावा, गावातल्या सटन मंडळींनी भरून पाठवावा. आपलं नाव, वडिलांचं, आजोबांचं, भावांचं, आणि शेवटी 'इतर माहिती'. ज्या गावात चर्च सापडलं नाही तिथे ग्रंथालयाला लिहिलं, नाहीतर पबला. अंबरीश म्हणाला, "अगं, ईमेल कर ना सरळ. हे काय मेडीव्हल काम." ती म्हणाली, "ईमेल डिलीट होते. फलकावरचा कागद लोक वाचतात."

त्या वर्षी सगळं इंग्लंड घरात बसलेलं. उत्तरं आली, ती भसाभस आली. गंमत म्हणजे सटन गावांत सटन आडनावाची माणसं फारशी नव्हतीच. पण कोणाचा मेहुणा सटन होता, कोणी शेजारच्या सटनला तक्ता देत होतं. कोणी चार पिढ्या लिहिल्या, कोणी आपल्या कुत्र्याचा फोटो पाठवला. जयंती रोज दुपारी टपाल फोडायची, वही उघडायची, चौकोन भरायची. पत्र सटनाचं असेल तर वहीत. लिहिणाऱ्याचं आडनाव दुसरंच असेल, 'मी सटन नाही, पण' अशी सुरुवात असेल, तर ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सवडीनं बघायला. वडिलांचीच शिस्त होती ती. वर्षभरात वहीत एकशे चाळीस सटन झाले, अकरा टॉम झाले, त्यांतला एकही खेल्ड्रॉपला आलेला नव्हता.

ट्रूस मधल्या काळात दोनदा हॉस्पिटलात जाऊन आली. भेटायला जायची परवानगी नव्हती. जयंतीनं तिला फोनवर एकेक सटन वाचून दाखवला. ट्रूस ऐकायची आणि म्हणायची, "हा नाही. पुढचा."

२०२१चा मे उजाडला. वही थकली होती, जयंतीही थकली होती. तिनं वडिलांना फोन लावला आणि कंटाळून त्यांचा छापील कुलवृत्तांत चाळत बोलू लागली. चाळता चाळता स्वतःच्या पानावर आली. श्रीकांत यांच्या चौकोनाखाली बारीक टाइपात एक ओळ होती: कन्या जयंती (लेले). त्याखाली कोरा कागद.

"बाबा, जुई कुठल्या पानावर आहे?"

"ती लेल्यांच्या कुलवृत्तांतात येणार."

"लेल्यांनी आमच्यापर्यंतचा छापलेलाच नाही."

"मग तो त्यांनी छापायला हवा," श्रीकांतराव म्हणाले. पण म्हणताना ते जरा अडखळले.

जयंतीनं फोन ठेवला. डॉली, तिच्या मनात आलं. पहिल्याच दिवशी ट्रूसनं दोन नावं दिली होती, टॉम आणि डॉली. बहीण लग्न होऊन दुसऱ्या घरी जाणार, दुसऱ्या नावानं जगणार, म्हणून आपण डॉलीला शोधलंच नाही. तक्त्यात भावांसाठी रकाना केला, बहिणींसाठी केला नाही. ती उठली आणि तिनं बिस्किटांचा डबा काढला.

डब्यात अकरा पत्रं होती. सातवं यॉर्कशरच्या एका सटन गावातून आलेलं होतं, पामेला हारग्रीव्हज नावाच्या बाईचं. तिनं लिहिलं होतं: मी सटन नाही आणि या गावाशी आमच्या घराण्याचा काही संबंध नाही, लग्न होऊन इथे आले एवढंच, पण माझी आई डोरोथी माहेरची सटन, तिला सगळे डॉली म्हणतात. आई शहाण्णव वर्षांची आहे, वृद्धाश्रमात असते. तिचा भाऊ टॉम लढाईत हॉलंडला होता. 'इतर माहिती'चा रकाना पुरला नव्हता. पुढे चार पानं होती, आईनं फोनवर सांगितलेली आणि मुलीनं लिहून घेतलेली. टॉमचे कान मोठे होते. टॉमनं हॉलंडमधल्या आनी नावाच्या मुलीला सहा पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. तो पुढे बस चालवायचा, लग्न केलं नाही, १९५८ साली गेला. चहात साखर घालून तो कधी ढवळत नसे, तळाची साखर शेवटी चमच्यानं खायचा आणि स्वतःच्या आईचा ओरडा खायचा.

जयंतीनं पाकीट उलटून पाहिलं. पाकिटावरचा शिक्का ऑक्टोबर २०२०चा होता. सात महिने.

पत्रात फोन नंबर होता. तिनं लगेच लावला. पामेला पलीकडून आनंदानं ओरडलीच, मग तिनं बाकीचं सांगितलं. डॉली जानेवारीत गेली होती, कोव्हिडनं. पामेलाला तिला काचेतूनच बघता आलं. "रागावू नका," पामेला म्हणाली, "पण ती दर रविवारी विचारायची. हॉलंडहून काही आलं का?"

संध्याकाळी अंबरीशनं सगळं ऐकून घेतलं. माणूस चांगला आहे, बायकोला रडताना त्याला बघवत नाही. तो म्हणाला, "हे बघ, पोस्ट लेट झाली असं सांग. कोव्हिडमध्ये सगळंच लेट होतंय. शी विल नेव्हर नो. उगाच त्या म्हातारीला त्रास कशाला?"

त्रास कोणाला होणार होता ते जयंतीला चांगलंच ठाऊक होतं. तो तिला स्वतःला होणार होता, आणि तोच टाळायचा मोह होत होता. तिनं रात्र तशीच काढली. सकाळी ती पाकिटासकट कुंपणापाशी गेली आणि खुर्चीत न बसता उभ्यानंच सगळं सांगितलं. पत्र कधी आलं, डबा, डॉली, जानेवारी, दर रविवारचा प्रश्न. एक शब्द गाळला नाही. तिच्या डचमध्ये चुका झाल्या, त्याही तिनं होऊ दिल्या.

ट्रूसनं पाकीट हातात घेऊन शिक्का बघितला.

"हो," ती म्हणाली. "ही तुझी चूक आहे."

असू दे, होतं असं, असं काही ती म्हणाली नाही. तिच्या लोकांत तशी पद्धत नाही. जयंतीला ते फार लागलं आणि त्याच वेळी बरंही वाटलं, कारण ज्या माणसानं चुकीला चूक म्हटलं त्याच्या पुढच्या शब्दावर विश्वास ठेवता येतो.

"आता बस," ट्रूस म्हणाली. "आणि ती चार पानं वाच. सावकाश वाच."

जयंतीनं वाचली. साखरेचं वाक्य आलं तेव्हा ट्रूसचा चमचा हातातच राहिला. तिनं कपात पाहिलं. मग ती रडली. जयंतीनं तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. दीड मीटरचं अंतर ठेवून एक बाई रडत होती आणि दुसरीला तिच्या पाठीवर हात ठेवता येत नव्हता. जयंतीनं तो ठेवला. लशीचा पहिला डोस दोघींचाही झाला होता, आणि झाला नसता तरी तिनं ठेवला असता.

ऑक्टोबरात पामेला आली. आइंडहोवन स्टेशनवर जयंती ट्रूसला घेऊन गेली. आडनाव हारग्रीव्हज, पण कान सटनांचे. जयंतीनं ट्रूसला आधीच समजावून ठेवलं होतं की आमच्याकडे या नात्याला नेमका शब्द आहे, आतेबहीण. ट्रूसनं तो पाठ केला होता. गर्दीत दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या आणि ट्रूस आपल्या ब्राबांती उच्चारात "आतेबहीण, आतेबहीण" म्हणत राहिली. पामेलाला अवाक्षर कळलं नाही. तिनं बरोबर टॉमचा चमचा आणला होता, डॉलीनं त्रेसष्ट वर्षं जपलेला.

घरी आल्यावर जयंतीनं वही उघडली. श्रीकांतरावांच्या पद्धतीनं पाहिलं तर टॉम सटनच्या चौकोनाखाली दोन शब्द येणार होते: अविवाहित, निर्वंश. तिनं तिथे लिहिलं: कन्या ट्रूस. त्याखाली ट्रूसची मुलगी, त्याखाली तिची दोन मुलं. शेजारी डॉली, तिच्याखाली पामेला, पामेलाची तीन मुलं. पान भरलं तेव्हा तिनं दुसरं चिकटवलं.

मग कपाटातून वडिलांचा छापील ग्रंथ काढला. घरात त्या ग्रंथावर पेन टेकवायची कोणाची छाती नव्हती. तिनं स्वतःच्या नावाखाली लिहिलं: कन्या जुई, आणि त्याचा फोटो पुण्याला पाठवला.

दोन तास गेले. मग श्रीकांतरावांचाच फोन आला. एकोणीस वर्षं ज्यांनी एकाही मुलीच्या नावाखाली रेघ ओढली नाही, ते घसा खाकरून म्हणाले, "पेन्सिलीनं नाही ना लिहिलंस? शाईनं लिही. आणि हे बघ, तुझ्या तीन आत्यांच्या घरचे पत्ते मी काढून ठेवलेत. तक्ता नवा करावा लागेल."